ख्रिसमस बेटाचं वटवाघूळ आणि ॲबट्स बूबी: दोघांनाही पंख, तरी दोघांचं जग एकाच जंगलापुरतं

हिंदी महासागरात, इंडोनेशियाच्या जावा बेटापासून दक्षिणेला साधारण 350 किलोमीटरवर ख्रिसमस बेट आहे. ताबा ऑस्ट्रेलियाचा, क्षेत्रफळ जेमतेम 135 चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी. 25 डिसेंबर 1643 रोजी ईस्ट इंडिया कंपनीच्या एका जहाजाच्या कप्तानाला ते दिसलं, आणि तो दिवस नाताळचा असल्यामुळे त्याला हे नाव मिळालं.

या बेटावरच्या जंगलात दोन उडणारे जीव राहतात. एक फळं खाणारं वटवाघूळ, दुसरा मासे खाणारा समुद्रपक्षी. एक सस्तन प्राणी, दुसरा अंडी घालणारा. एक जंगलात जेवतो, दुसरा भर समुद्रात. दोघांमध्ये साम्य शोधायला गेलं तर पंखांपलीकडे फारसं काही हाती लागणार नाही, असं वाटतं. पण दोघांची सगळी भिस्त याच एका बेटावर आहे. हे वटवाघूळ जगात दुसरीकडे कुठेही राहत नाही, आणि हा पक्षी आज दुसरीकडे कुठेही घरटं बांधत नाही.

एका नजरेत

ख्रिसमस बेटाचं वटवाघूळ
- शास्त्रीय नाव: टेरोपस नटालिस
- गट: सस्तन प्राणी, फळं खाणारी मोठी वटवाघळं
- वजन: साधारण 220 ते 500 ग्रॅम
- पंख: लांब बोटांवर ताणलेली कातडी
- आहार: फळं, फुलं, मध
- पिल्लं: वर्षाला साधारण एक
- वस्ती: फक्त ख्रिसमस बेट

ॲबट्स बूबी
- शास्त्रीय नाव: पापासुला ॲबटी
- गट: पक्षी, बूबी आणि गॅनेट यांचं कुळ
- वजन: साधारण दीड किलो
- पंख: लांब, अरुंद, पिसांचे, पसरल्यावर दोन मीटरच्या आसपास
- आहार: मासे आणि माकुळ
- पिल्लं: साधारण दोन वर्षांतून एक
- प्रजनन: फक्त ख्रिसमस बेट, एरवी समुद्रावर

हे वटवाघूळ कोणतं?

टेरोपस या वंशातल्या वटवाघळांना इंग्रजीत 'फ्लाइंग फॉक्स' म्हणतात, कारण त्यांचं तोंड कोल्ह्यासारखं लांबट असतं. महाराष्ट्रात वड, पिंपळ, चिंच किंवा निलगिरीच्या झाडांवर दिवसा शेकड्यांनी उलटी लटकलेली जी मोठी वटवाघळं दिसतात, ती याच वंशातली. आपल्याकडचं वटवाघूळ दीड किलोच्या घरात जाऊ शकतं. ख्रिसमस बेटावरचं त्यामानाने बरंच लहान आणि अंगाने काळसर असतं.

त्याची सगळ्यात वेगळी सवय म्हणजे ते दिवसाही उडतं. बहुतेक वटवाघळं अंधार पडल्यावर बाहेर पडतात. ख्रिसमस बेटावरची मात्र भर दुपारनंतर, लख्ख उजेडात झाडाझाडांवर फिरताना दिसतात.

वटवाघूळ म्हटलं की ते आवाजाच्या प्रतिध्वनीवरून वाट काढतं, असा समज असतो. तो लहान, किडे खाणाऱ्या वटवाघळांच्या बाबतीत खरा आहे. टेरोपस वंशातली वटवाघळं प्रतिध्वनीचा वापर करत नाहीत. त्यांचे डोळे मोठे आणि नजर चांगली असते, आणि पिकलेलं फळ ती वासावरून शोधतात.

आणि ॲबट्स बूबी?

'बूबी' हे समुद्रपक्ष्यांच्या एका कुळातल्या अनेक जातींचं नाव आहे. हे पक्षी उंचावरून पाण्यात सूर मारून मासे पकडतात. त्यांच्या चोचीवर बाहेरून दिसणाऱ्या नाकपुड्या नसतात, त्यामुळे सूर मारताना नाकात पाणी जात नाही. पायाची चारही बोटं पडद्याने जोडलेली असतात. अंडं उबवायला बहुतेक पक्षी पोटाची उघडी त्वचा वापरतात. बूबी ते काम पायांच्या या पडद्यांनी करतात.

ॲबट्स बूबीचं नाव विल्यम ॲबट या अमेरिकन निसर्गसंग्राहकावरून पडलं. 1892 मध्ये त्याने गोळा केलेल्या नमुन्यावरून या जातीची शास्त्रीय ओळख झाली. अंग पांढरं, पंख काळे, चोच लांब. नराची चोच करडी आणि मादीची गुलाबी. आपल्या वंशात ही एकच जात उरली आहे, म्हणून तिला पापासुला हा स्वतंत्र वंश दिला आहे.

बहुतेक बूबी जमिनीवर, कड्यांवर किंवा झुडपांवर घरटी करतात. ॲबट्स बूबी मात्र बेटाच्या पठारावरच्या उंच झाडांच्या शेंड्याजवळ, जंगलाच्या छतावर घरटं बांधतो. समुद्रावर जगणाऱ्या पक्ष्याला अशा उंच जंगलाची इतकी गरज असणं ही दुर्मीळ गोष्ट आहे.

दोघांच्या पंखांत फरक काय?

वटवाघळाचा पंख म्हणजे त्याचा हातच आहे. हाताची बोटं खूप लांब झालेली असतात, आणि ती बोटं, अंगाची बाजू व पाय यांच्यामध्ये पातळ कातडी ताणलेली असते. बोटं हलवून वटवाघूळ पंखाचा आकार क्षणाक्षणाला बदलू शकतं. फांद्यांमधून वळणं घेत जायला, वेग कमी करून फळाजवळ लटकायला हा पंख सोयीचा. मात्र त्याला सतत पंख मारावे लागतात.

पक्ष्याच्या पंखात बोटांची हाडं कमी आणि एकमेकांत जुळलेली असतात. पंखाचा पसारा पिसांनी तयार होतो. ॲबट्स बूबीचे पंख लांब आणि अरुंद असतात. समुद्रावरच्या वाऱ्यावर स्वार होऊन कमी कष्टात लांब पल्ला गाठायला ते उत्तम, पण झटकन वळायला किंवा दाट फांद्यांत शिरायला अडचणीचे.

म्हणूनच या पक्ष्याला उंच झाड लागतं. शेंड्यावरून तो थेट हवेत झेप घेतो आणि परत येताना मोकळ्या हवेतून, वाऱ्याला तोंड देत उतरतो. चुकून तो झाडावरून खाली जंगलाच्या जमिनीवर पडला, तर तिथून त्याला पुन्हा उडणं जवळपास अशक्य होतं. असा पक्षी बहुधा मरतोच.

एकाचं ताट जंगलात, दुसऱ्याचं समुद्रात

वटवाघूळ फळं खातं आणि फुलांमधला मध पितं. फळाचा गर तोंडात चावून ते रस गिळतं आणि चोथा थुंकून टाकतं. बारीक बिया पोटात जातात आणि विष्ठेवाटे दूर कुठेतरी पडतात. मोठी फळं ते तोंडात धरून दुसऱ्या झाडावर नेतं, तिथे त्यांच्या बिया पडतात. फुलांवर जाताना अंगाला लागलेले परागकण एका झाडावरून दुसऱ्या झाडावर पोचतात. बेटावर हे काम करणारे मोठे प्राणी मोजकेच आहेत. एक हे वटवाघूळ आणि दुसरं तिथलंच एक मोठं कबूतर. माणसांनी आणलेल्या झाडांची फळंही हे वटवाघूळ खातं. आपल्याकडे रस्त्याकडेला दिसणारं सिंगापूर चेरीचं झाड त्यांपैकीच एक.

बूबीला जंगलातलं काहीही खायला नको असतं. तो समुद्रावर दूर जातो, उडणारे मासे आणि माकुळ पकडतो, परत येतो आणि पिल्लाला पोटातलं अन्न भरवतो. जंगल त्याच्यासाठी फक्त घर आहे. पण समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेतून समुद्रातली पोषकद्रव्यं जमिनीवर येतात, त्यामुळे तोही जंगलाला काही ना काही देतच असतो.

थोडक्यात, वटवाघूळ जंगलाचं बी पुढे नेतं आणि बूबी समुद्राचं खत जंगलात आणतो.

पिल्लं इतकी कमी का?

दोघांची कमजोरी इथेच आहे.

वटवाघळाच्या मादीला वर्षातून साधारण एकच पिल्लू होतं. सुरुवातीचे काही आठवडे ते आईच्या पोटाला चिकटून राहतं आणि आई त्याला घेऊनच उडते. सशासारखं किंवा उंदरासारखं एका खेपेला पाच-सहा पिल्लं होणं या प्राण्यांच्या बाबतीत शक्यच नसतं.

बूबी त्याहून संथ. मादी एकच अंडं घालते. ते उबवायला आठ आठवडे लागतात. पिल्लू साधारण पाच-सहा महिन्यांचं झाल्यावर उडायला लागतं, पण त्यानंतरही कित्येक महिने ते घरट्यावर परत येऊन आईबापांकडून अन्न घेतं. याच काळात बेटावर वादळी पावसाचे दिवस येतात आणि अनेक पिल्लं त्यात दगावतात. एका पिल्लाचं संगोपन वर्षाहून जास्त चालत असल्याने एका जोडीला दोन वर्षांतून एकदाच यशस्वी वीण साधते.

अशा प्राण्यांची आयुष्यं लांब असतात आणि एरवी तेवढ्यावर त्यांचं भागतं. मोठे प्राणी फार मरत नाहीत, म्हणून पिल्लं कमी असली तरी संख्या टिकते. पण मोठे प्राणी मरायला लागले, की ही गणितं कोलमडतात. उंदरांची संख्या एका वर्षात भरून निघते. बूबीच्या एका वाईट वर्षाची भरपाई व्हायला दशकं लागू शकतात.

मग ते दुसऱ्या बेटावर का जात नाहीत?

पंख आहेत तर जागा बदलावी, हे सुचणं साहजिक आहे. पण याचं उत्तर बूबीच्या इतिहासातच आहे. ॲबटने 1892 मध्ये पक्षी गोळा केला तो ख्रिसमस बेटावर नव्हे, तर हजारो किलोमीटर पश्चिमेला, सेशेल्सजवळच्या अझम्प्शन बेटावर, असं मानलं जातं. तिथली झाडं तोडली गेली, पक्ष्यांच्या विष्ठेपासून बनलेलं खत खणून नेलं गेलं, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांतच तिथून हा पक्षी संपला. तिथले पक्षी उडून दुसऱ्या जंगलात वसले नाहीत.

समुद्रपक्षी बहुधा जिथे जन्मले तिथेच विणीसाठी परततात. नवी वसाहत सुरू व्हायला उंच जंगल, आजूबाजूला पुरेसे मासे आणि सोबतीला आपल्यासारखे आणखी पक्षी, हे सगळं एकाच वेळी जुळून यावं लागतं. वटवाघळाच्या बाबतीत तर 350 किलोमीटरचा उघडा समुद्र ओलांडून वस्ती हलवण्याचा प्रश्नच येत नाही.

फॉस्फेटची खाण आणि वाऱ्याचा झोत

ख्रिसमस बेटावर माणूस राहायला आला तो फॉस्फेटसाठी. 1887 मध्ये बेटावरच्या दगडांत शुद्ध फॉस्फेट असल्याचं कळलं, 1888 मध्ये ब्रिटनने बेट ताब्यात घेतलं आणि 1890च्या दशकात खाणकाम सुरू झालं. 1958 मध्ये बेट ऑस्ट्रेलियाकडे गेलं. फॉस्फेट खताच्या कामी येतं. ते पठारावर, म्हणजे नेमकं बूबीला हव्या असलेल्या उंच झाडांखालीच होतं. त्यामुळे बेटाच्या जंगलाचा मोठा भाग साफ झाला.

तोडलेल्या झाडांवरची घरटी गेली, हे उघड नुकसान. पण उरलेल्या झाडांवरही परिणाम झाला. सलग जंगलावरून वारा एकसारखा वाहतो. मध्येच मोकळी जागा आली की तो खाली घुसतो, पलीकडच्या झाडांच्या भिंतीवर आपटतो आणि गोल गोल फिरायला लागतो. लांब पंखांच्या या पक्ष्याला अशा भोवऱ्यात घरट्यावर उतरणं कठीण जातं. पिल्लं फांदीवरून खाली पडतात, आणि खाली पडलेल्या पिल्लाला आईबाप भरवत नाहीत. म्हणजे जिथे कुऱ्हाड लागली नाही, तिथलीही घरटी धोक्यात आली.

बूबी आणि गॅनेट पक्ष्यांचे अभ्यासक ब्रायन नेल्सन यांनी 1960 आणि 70च्या दशकांत इथे काम केलं आणि या पक्ष्याची स्थिती जगासमोर मांडली. 1980 मध्ये बेटावर राष्ट्रीय उद्यान झालं. पुढे ते वाढत जाऊन आज बेटाच्या सुमारे 63 टक्के भागावर आहे, म्हणजे साधारण 85 चौरस किलोमीटर. बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान याहून मोठं, सुमारे 104 चौरस किलोमीटरचं आहे. एका संपूर्ण जातीचं जगातलं एकमेव घर एवढ्याशा जागेत मावतं.

खाण अजून बंद झालेली नाही. मात्र नव्याने मूळ जंगल तोडायला परवानगी नाही. जुन्या खाणींच्या जागी झाडं लावण्याचं काम सुरू आहे आणि त्यासाठी खाण कंपनीकडून कर घेतला जातो. अडचण अशी की फॉस्फेट काढताना वरची मातीच निघून गेली. खडकावर पुन्हा माती टाकून, तिथे 30-40 मीटर उंचीचं जंगल उभं व्हायला कित्येक दशकं जावी लागतात.

वटवाघळाची संख्या का घटली?

बूबीवरचं संकट तरी डोळ्यांना दिसणारं आहे. वटवाघळाचं तसं नाही. 1980च्या दशकात बेटावर सुमारे 6,000 वटवाघळं असावीत असा अंदाज होता. पुढच्या पाहण्यांत संख्या बरीच खाली आलेली आढळली. 2014 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पर्यावरण कायद्याखाली या जातीची नोंद 'अतिसंकटग्रस्त' अशी झाली.

एकच एक कारण सिद्ध झालेलं नाही. संशय अनेकांवर आहे. माणसाने आणलेल्या, नंतर रानटी झालेल्या मांजरी वटवाघळांची शिकार करतात. वादळं वसाहती उधळून लावतात. फॉस्फेटमध्ये असणाऱ्या कॅडमियम या धातूचा अंश वटवाघळांच्या शरीरातही आढळला आहे. शिवाय 'यलो क्रेझी अँट' ही बाहेरून आलेली मुंगी आहे.

ही मुंगी बेटावर आली विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात. 1980च्या दशकाच्या अखेरीपासून तिच्या प्रचंड वसाहती होऊ लागल्या. झाडांचा रस शोषणारे खवले कीटक अंगातून गोड द्रव सोडतात, तो खाऊन या मुंग्या वाढतात. मुंग्यांनी पोटाच्या टोकातून फवारलेल्या आम्लामुळे बेटाचे प्रसिद्ध लाल खेकडे लाखोंच्या संख्येने मेले. हे खेकडे जंगलातला पालापाचोळा आणि रोपं खाऊन जमीन साफ ठेवतात. खेकडे गेले की जंगल बदलतं, खवले कीटक वाढले की मोठी झाडं अशक्त होतात. आणि त्याच झाडांवर वटवाघळाचं अन्न असतं, त्याच झाडांवर बूबीचं घरटं असतं.

2016 मध्ये या खवले कीटकांवर जगणारी एक अगदी बारीक गांधीलमाशी मलेशियातून आणून बेटावर सोडण्यात आली. मुंग्यांवर विष टाकण्याऐवजी त्यांचं अन्नच तोडायचं, असा त्यामागचा विचार. रानटी मांजरी हटवण्याची मोहीमही चालू आहे.

पाचांपैकी चार गेले

वटवाघळाच्या बाबतीत घाई का करायला हवी, हे याच बेटाने दाखवून दिलं आहे. माणूस येण्याआधी ख्रिसमस बेटावर पाच सस्तन प्राणी होते: दोन जातींचे उंदीर, एक चिचुंदरी, एक छोटं किडे खाणारं वटवाघूळ आणि हे फळं खाणारं वटवाघूळ. जहाजांतून आलेल्या काळ्या उंदरांनी आणलेल्या रोगामुळे दोन्ही मूळ उंदीर 1900 नंतर काही वर्षांतच संपले. चिचुंदरी शेवटची दिसली 1985 मध्ये. 2025 मध्ये ती नामशेष झाल्याचं जाहीर झालं.

छोट्या वटवाघळाची, म्हणजे ख्रिसमस आयलंड पिपिस्ट्रेलची गोष्ट सर्वांत चटका लावणारी आहे. जेमतेम साडेतीन ग्रॅम वजनाचं हे वटवाघूळ 1980च्या दशकात बेटावर सहज आढळत असे. त्यानंतर ते वेगाने घटत गेलं. उरलेली वटवाघळं पकडून बंदिस्त जागेत वाढवावीत, असं संशोधकांनी सरकारला सांगितलं. परवानगी मिळाली 2009च्या जुलैमध्ये. ऑगस्टमध्ये पथक बेटावर पोचलं तेव्हा त्यांच्या यंत्रांना एकाच वटवाघळाचा आवाज ऐकू येत होता. ते हाती लागलं नाही. 26 ऑगस्ट 2009 नंतर तो आवाज पुन्हा नोंदला गेला नाही. 2017 मध्ये ही जात नामशेष घोषित झाली.

याउलट, त्याच सुमारास बेटावरच्या दोन छोट्या सरपटणाऱ्या जाती पकडून बंदिस्त जागेत वाढवायला घेतल्या गेल्या. जंगलात त्या आता उरलेल्या नाहीत, पण जिवंत आहेत. वेळेवर पकडल्या म्हणून एवढं तरी साधलं.

म्हणजे आज ख्रिसमस बेटावर मूळचा असा एकच सस्तन प्राणी शिल्लक आहे, तो म्हणजे हे दिवसा उडणारं वटवाघूळ.

आपल्याकडे यांचे नातलग आहेत का?

आहेत. बूबीची दुसरी एक जात, मास्क्ड बूबी, पावसाळ्यात वादळी वाऱ्याने थकून मुंबई आणि कोकणच्या किनाऱ्यावर येऊन पडल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. असा पक्षी दिसला तर त्याला पुन्हा पाण्यात ढकलू नये. तो दमलेला असतो, भिजलेला असतो. वनविभागाला किंवा जवळच्या पक्षिमित्रांना कळवावं.

मोठं भारतीय वटवाघूळ तर गावोगावी आहे. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फळं खाणाऱ्या वटवाघळांचा समावेश उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत होता, म्हणजे त्यांना मारायला आडकाठी नव्हती. 2022च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच काढून टाकली. पण वटवाघळांच्या वस्तीचं जुनं झाड रस्तारुंदीकरणात तोडलं जातं, तेव्हा त्यांची परिस्थिती ख्रिसमस बेटासारखीच होते. वर्षाला एक पिल्लू देणाऱ्या शेकडो प्राण्यांचं घर एका दिवसात जातं.

थोडक्यात

- दोघांचे पंख, आहार आणि वीण वेगळी. पण दोघेही संथ गतीने वाढणारे आणि एकाच बेटावर अवलंबून.
- बूबीसाठी जंगल हे घर, वटवाघळासाठी घर आणि अन्न दोन्ही. जंगल राखलं तर दोघांचा फायदा होतो.
- बूबीवरचं मोठं संकट वेळीच ओळखलं गेलं, त्यामुळे त्याला राष्ट्रीय उद्यानाचा आधार मिळाला. वटवाघळाच्या घटीचं कारण अजून पक्कं नाही, म्हणून मांजरी, मुंग्या आणि जंगल या सगळ्या बाजूंनी एकाच वेळी काम करावं लागतं.
- पंख असले म्हणून प्राणी संकटातून उडून जातोच असं नाही. परत यायला झाड लागतं.